सोंडेवरून उतरलेले दोघे

प्रिय ठमे,

पत्र बघून घाबरू नकोस. कुणाला काही झालेलं नाही, म्हणजे नवीन असं काही झालेलं नाही. फोन हाताशी असताना आईला ही काय हुक्की आली असं तुझ्या मनात येणार, तेव्हा आधी तेच सांगून टाकते. फोनवर बोलायची आता सोय राहिलेली नाही. फोन वाजला की बाबा काठी टेकत येतात आणि समोरच्या खुर्चीत ठाण मांडून बसतात, मग मला हो, नाही, बरं यापलीकडे काही बोलता येत नाही. तू मागे म्हणालीस ना, आई तू हल्ली फार तुटक बोलतेस, ते त्यामुळे. टाइपरायटर काढावा तर त्याहून पंचाईत. त्याची टकटक कानावर पडली की बाबा उठून घरातल्या बोळात येरझाऱ्या घालायला लागतात आणि मजकूर सांगायला सुरुवात करतात, मग तो टिपून घेतल्याशिवाय माझी सुटका नसते. म्हणून आज नर्सबाई आल्यावर भाजी आणते असं सांगून बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या वाचनालयात येऊन बसले आहे. जन्मभर दुसऱ्याचा मजकूर सुबक टाइप करून दिला, आणि स्वतःचं लिहायला बसले तर ओळी सगळ्या उताराला लागल्यात. लागेल तसं वाच.

मी बसले आहे त्या टेबलावरून बाबांच्या पुस्तकांची फळी दिसते. नदीवरची, जंगलातली, सुळक्यांवरची, सगळी पुस्तकं ओळीने आहेत, आणि त्यांच्याच शेजारी ती कादंबरी. ग्रंथपालांना मी एकदा सांगितलं होतं की अहो, ही कादंबरी आहे, हिला प्रवासवर्णनांत का ठेवलंत. ते म्हणाले, बाई, लोक इथेच शोधायला येतात. आता यांचं पुस्तक यांच्या बायकोपेक्षा लोकांना जास्त कळतं म्हटल्यावर मी काय बोलणार.

तू लहान असताना आमच्या भेटीची गोष्ट दहादा सांगायला लावायचीस. मी त्या मासिकाच्या कार्यालयात लघुलेखन करायची आणि बाबा वाटाड्या होते, पैसेवाल्या हौशी लोकांना डोंगरावर नेऊन सुखरूप खाली आणायचे. आमच्या संपादकांना त्यांनी एका वादळातून खाली आणलं, तर संपादक म्हणाले, हे सगळं लिहून द्या. बाबांनी महिनाभर खपून चार पानं आणली. शुद्धलेखनाच्या नावाने आनंद, आणि वाक्यं अशी की वाचताना आपलाच पाय मुरगळावा. संपादकांनी त्यांना माझ्या टेबलाकडे पिटाळलं, म्हणाले या बाईंना तोंडी सांगा. बाबांना खुर्चीत बसून काही सांगताच येईना. ते उठले, कपाटापासून खिडकीपर्यंत चालायला लागले आणि चालता चालता सांगायला लागले, आणि मी पेन्सिल हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिले. पहिला परिच्छेद मी टिपलाच नाही. त्यांना तो पुन्हा सांगायला लावला आणि वर त्यांनाच म्हटलं, जरा सावकाश सांगा. तेव्हापासून मी टायपिस्टबाई. लग्नानंतरही तेच नाव राहिलं आणि आज माझं खरं नाव त्यांना आठवत नाही तेव्हाही तेच आठवतं, त्यामुळे माझी काही तक्रार नाही.

त्यांचा तो नियमही तुला माहीत आहे. जिथे पाय लागला नाही त्याबद्दल अक्षर लिहायचं नाही. कादंबऱ्या लिहायला लागल्यावर सगळ्यांना वाटलं, आता तरी हा हट्ट सुटेल. छे, उलट वाढला. गोष्टीतला माणूस नदी एका वळणावर ओलांडतो आणि बाबांनी ती तिथे ओलांडलेली नव्हती, तर पुस्तक तसंच अर्धवट टाकून स्वारी निघाली. परत आले ते कफाने छाती भरून, आणि मला सांगितल्या तीन ओळी. प्रकाशकांनी डोक्याला हात लावला. मी त्यांना म्हटलं होतं, तुमच्या गोष्टीत कुणी मेलं की तुम्ही काय करणार आहात? त्यावर ते हसले होते. तेव्हा आम्हाला अशी थट्टा करता यायची.

दादाच्या अपघाताचं तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला ते एकदा ओळीने लिहायचं आहे. का, ते शेवटी सांगते. बाबा आणि दादा माथ्यावर पोचले तेव्हा हवा चांगली होती, मग खालून ढग चढायला लागले. उतरायला दोन वाटा होत्या. एक सोंडेची, म्हणजे डोंगराची ती लांबच लांब अरुंद धार, दोन्हीकडे खोल, पण डोक्यावर दगड सुटण्याजोगं काही नाही. दुसरी घळीची, दोन कड्यांमधल्या खोल चिरेतून अर्ध्या वेळात खाली आणणारी. दादा म्हणाला सोंडेने जाऊ. बाबा म्हणाले, ढग आपल्यासाठी थांबणार नाहीत, घळीने उतरू. बाबा वाटाडे, बाबा बाप, दादाने ऐकलं. घळीत वरून दगड सुटले. बाबांचा घोटा चुरला आणि दादा गेला. शोधपथकाने बाबांना थेट शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेलं, तिथे पाय कापायचा की ठेवायचा याच्यातच त्यांचे दिवस तापात गेले. दादाला दुसऱ्या दिवशी खाली आणलं आणि पायथ्याच्या त्या लहानशा दवाखान्यात आपण दोघी त्याला बघायला गेलो. एका भुवईवर खरचटलेलं होतं, बाकी चेहरा होता तसाच होता. तू त्याच्या कॉलरचं बटण लावलंस आणि म्हणालीस, आई, याची नखं वाढलीत गं. बाबा शुद्धीवर आले तोवर सगळं आटोपलं होतं. त्यांनी दादाला पाहिलं ते घळीच्या तोंडाशी, दोर बांधून हसताना, ते शेवटचं.

मग ती कादंबरी. बाप आणि मुलगा, तोच डोंगर, तेच ढग, आणि त्यातला बाप म्हणतो, तू म्हणतोस तर सोंडेने जाऊ. दोघे सोंडेवरून उतरतात आणि पायथ्याच्या निवाऱ्यात बसून चहा पितात. एवढंच शेवटचं प्रकरण. प्रकाशन समारंभात बाबांनी ते वाचलं, लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते, आणि तू उठून निघालीस. जिन्यात मी तुला गाठलं तेव्हा तू म्हणालीस, बाबांनी दादाला विकलं. त्यानंतर तू त्यांच्याशी बोलली नाहीस. मी तुला दोष दिला नाही आणि आजही देत नाही. तू लहानपणापासून तशीच आहेस, पाहुण्यांनी आवडलं का विचारलं तर तोंडावर नाही म्हणून सांगणारी, आणि मोठेपणी कामही शोधलंस ते पाणी तपासायचं, गढूळ ते गढूळ. तुझ्या भावाला कागदावर जिवंत केलेलं तुला कसं सोसावं. पण एक गोष्ट तुला माहीत नाही. ती मी कुणाला सांगायची नाही असं बाबांनी मला बजावलं होतं, म्हणाले लोक मला वेड्यात काढतील. आता बजावल्याचंच ते विसरले आहेत, तेव्हा माझी सुटका झाली असं मी धरते.

शेवटचं प्रकरण त्यांना सांगताच येत नव्हतं. बाकी पुस्तक झालं आणि गाडी अडली. काठी घेऊन ते बोळात इकडून तिकडे जायचे, मी पेन्सिल धरून बसायची, आणि संध्याकाळ झाली की कोरा कागद तसाच ठेवून दोघंही उठायचो. त्यांचा पाय त्या सोंडेला लागलेला नव्हता ना. एके सकाळी उठून बघते तर माळ्यावरून दोन्ही सॅक काढलेल्या. एक त्यांची, एक दादाची, पथकाने आणून दिलेली, जी तू डोळ्यांआड ठेवली होतीस. दादाच्या सॅकमध्ये त्यांनी त्याचं सगळं भरलं, झोपायची पिशवी, लोकरी टोपी, तो पोचे आलेला मग. मग मला म्हणाले, टायपिस्टबाई, चला. लंगड्या माणसाला एकटं सोडून मी घरात काय करणार होते?

पायथ्याच्या निवाऱ्यात मी थांबले. बाबांचे जुने सोबती मिशाजी आले होते, तेही वाटाडेच, तोंडाचा पट्टा अखंड चालू. सोप्या बाजूने त्यांनी बाबांना वर चढवलं. माथ्यावर बाबा म्हणाले, तू आलास त्या वाटेने उतर, मी सोंडेने एकटा येतो. मिशाजी भांडले, हातापाया पडले, शेवटी शिव्या घालत खाली आले आणि माझ्या हातात दुर्बीण दिली. त्यात मला बाबा दिसले. त्यांची सॅक पाठीवर, दादाची छातीवर. कमरेला दोर बांधलेला आणि त्याचं दुसरं टोक मागे खडकावरून सरपटत येणारं. प्रत्येक अवघड जागी बाबा आधी उतरायचे, मग मागे वळायचे, पाय रोवून उभे राहायचे आणि दोर हळूहळू ओढून घ्यायचे, मागचा माणूस उतरत असताना घेतात ना, तसा. तो पोचायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ थांबायचे. कधी हाताने दाखवायचे, इथे नको, तिथे पाय ठेव. मग पुढची पायरी. उरलेला दिवस असा गेला. मिशाजींनी मध्येच माझ्याकडून दुर्बीण काढून घेतली ती परत दिलीच नाही, आणि त्या माणसाला मी पहिल्यांदाच इतका वेळ गप्प बघितलं. खाली आल्यावर बाबांनी दोन चहा सांगितले. एक ते प्यायले, दुसरा पुढ्यात तसाच होता. तो मग मी प्यायले.

घरी येऊन त्यांनी ते प्रकरण एका बैठकीत सांगितलं, म्हणजे त्यांची बैठक चालतच असते, तुला ठाऊक आहे. नंतर एक शब्दही बदलला नाही. तेव्हा ठमे, त्यांनी त्याला विकलं का नाही हे तू ठरव, मला त्यात पडायचं नाही. पण ते लिहायच्या आधी ते त्याला घेऊन खरोखर उतरले होते, एवढं तुला कळायला हवं होतं. मला ते सांगायला इतकी वर्षं लागली.

आता इथलं. डॉक्टर म्हणतात, अशा आजारात वाचलेलं, ऐकलेलं आणि घडलेलं यांची सरमिसळ होते. सकाळी काय खाल्लं ते बाबांना सांगता येत नाही, नर्सबाईंना रोज नव्याने नाव विचारतात, घळ तर पुसूनच गेली आहे. पण सोंडेवरचा दगडन् दगड पाठ आहे. कुठे दादाने बुटाची नाडी बांधली, कुठे पाणी मागितलं, सगळं सांगतात. आणि का नाही आठवणार, पाय लागलाय त्यांचा. दुपारी झोपून उठले की पहिला प्रश्न, तो कुठाय, आला नाही का अजून?

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. हात धरून, शेजारी बसून, हळू आवाजात सांगितलं. ठमे, त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. न्हाणीघराच्या दारात फरशीवर बसले आणि मला म्हणाले, मला कुणी कसं सांगितलं नाही, माझा मुलगा गेला आणि मला कुणी सांगितलंही नाही. संध्याकाळपर्यंत रडले. सकाळी उठून चहाच्या टेबलावर विचारलं, तो उठला का? मी पुन्हा सांगितलं, कारण मला वाटलं, खोटं बोलू नये. पुन्हा तेच. तीन-चारदा मी त्या माणसाचा मुलगा त्याच्या डोळ्यांदेखत मारला, मग मला नाही ते जमलं. एक दिवस म्हटलं, येईल हो, कामावर गेलाय. ते म्हणाले बरं, आणि पाव खायला लागले.

बस, तिथून सुरुवात झाली. कामावर म्हणजे कुठे? मग मी त्याला नोकरी लावून दिली, हवामान खात्याच्या डोंगरावरच्या केंद्रात, म्हणजे फोन का लागत नाही तेही सुटलं. इतकी वर्षं यांनी सांगायचं आणि मी टिपायचं, आता मी सांगते आणि ते ऐकतात. पाय बिय लागायची अट मी ठेवलेली नाही. मध्ये त्यांनी विचारलं, लग्न करणार आहे की नाही हा घोडा? मी लग्न लावून दिलं. मुलगी गुरांची डॉक्टर आहे, बोलायला फटकळ आहे, पण दादाला धाकात ठेवते. तुला हसू येईल, मलाही येतं. नर्सबाई सामील आहेत, त्या मला म्हणतात, बाई, सुनेला जरा स्वयंपाक शिकवा. गेल्या वर्षी नात झाली. म्हणजे मीच केली, एकदम पाच वर्षांची. तिचे पुढचे दोन दात पडलेत आणि ती आजोबांसारखी बोळात चालत चालत धडे पाठ करते. बाबा मन लावून ऐकतात आणि म्हणतात, टायपिस्टबाई, हे छान सांगितलंत.

गेल्या आठवड्यात मी मोज्यांसाठी दुकानात गेले होते. लहान मुलांचे रेनकोट लावलेले होते, त्यातला एक पिवळा मी हातात घेऊन बघत होते. दुकानातल्या मुलीने विचारलं, किती वर्षांची आहे? मी म्हटलं, सहा, पण अंगाने बारीक आहे. तिने मापाचा काढून दिला, मी घेतला, पिशवीत टाकून घरी आले, दाराजवळच्या खुंटीला लावला आणि चहा ठेवला. चहा उकळून वर आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय केलंय. बाबांना दाखवण्यासाठी आणला असता तर गोष्ट वेगळी. ते तेव्हा माझ्या मनातही नव्हते. ती पावसात भिजेल म्हणून मी आणला होता. मी गॅस बंद केला आणि दादाचा चेहरा आठवायला बसले, दवाखान्यातला. येईना. मी आठवत होते आणि मला दिसत होता तो हवामान खात्यातला, पोट सुटलेला, कानाशी पांढरे केस आलेला, माझ्या मनाचा दादा. भुवई उजवी की डावी हेसुद्धा मला आज ठाम सांगता येत नाही.

म्हणून हे पत्र. पुढच्या महिन्यात तू कामासाठी इथे येणार आहेस आणि हॉटेलात उतरणार आहेस, तिथे येऊन भेट म्हणून कळवलंस. तसं करू नकोस, घरी ये. बाबांसाठी ये असं मी म्हणत नाही. ते तुला ओळखतील की नाही कोण जाणे, दादाबद्दल मात्र नक्की विचारतील, आणि त्यांना काय उत्तर द्यायचं ते तुझं तू बघ. खरं सांगितलंस तर मी आड येणार नाही, नंतर त्यांना सावरायला मी आहेच. मी बोलावते आहे ती माझ्यासाठी. मला दादासाठी रडायचं आहे, ठमे. मला ते कधी धड करताच आलं नाही, आधी बाबांचा पाय होता, मग ते पुस्तक, मग तू गेलीस, मग हा आजार, आणि आता तर त्या घरात तो जिवंतच आहे, रोज कामावर जातो, मग मी रडू कुणासाठी? आणखी थोडे दिवस असेच गेले तर बाबांसारखीच मीही त्याची वाट बघत बसेन आणि माझा मुलगा गेला होता हे सांगायला कुणी उरणार नाही. तो गेला तेवढा तरी तो माझा राहू दे. तू आलीस की चपला काढ, बाबांना काय ते बोल, मग मला हाताला धरून स्वयंपाकघरात ने, दार लावून घे, आणि तुझ्या त्या रोखठोक आवाजात मला सांग, आई, दादा गेला. एवढंच म्हण. पुढचं माझं मी करीन.

तुझीच, आणि त्याचीही,
आई